ऑफिसच्या इंटरकॉमवरून बाहेरचा फोन लागत नाही? आधी अडवतंय कोण ते शोधा

तक्रार नेहमी एकाच वाक्यात येते: "बाहेर फोन लागत नाहीये." दुरुस्ती करणाऱ्याला त्या वाक्याचा काडीचा उपयोग नसतो. खालच्यापैकी तुमच्याकडे नेमकं काय होतंय ते आधी बघा.

- लाइन मिळते, डायल टोन येतो, पण पहिले एक-दोन आकडे दाबताच टोन तुटतो आणि भरभर टूं-टूं सुरू होतं. उरलेला नंबर दाबायची संधीच मिळत नाही.
- पूर्ण नंबर दाबून होतो, क्षणभर शांतता, मग रेकॉर्ड केलेला आवाज: नंबरच्या आधी शून्य लावा, किंवा ही सुविधा तुमच्या फोनवर उपलब्ध नाही.
- लँडलाइन लागते, मोबाइल लागत नाही.
- रिसेप्शनवरून लागतं, आतल्या टेबलांवरून लागत नाही.
- सकाळी लागत नाही, दुपारी लागतं. किंवा वीज जाऊन आली की दिवसभर बोंब.
- त्याच फोनवरून तोच नंबर एकदा लागतो, एकदा नाही.
- १८००चे टोल फ्री नंबर लागत नाहीत.
- उलटी तक्रार: सगळं बंद केलेलं असूनही बिलात परदेशी कॉल दिसतात.

शेवटची तक्रार असेल तर बाकीचं नंतर वाचा, आधी "कॉल चोरीला जात असतील तर" हा भाग बघा.

पहिल्या दोन लक्षणांत तर अर्धं निदान झालेलं असतं. एक-दोन आकड्यांत टोन तुटला तर तुमच्याच ऑफिसातल्या ईपीएबीएक्सने (आतले सगळे फोन बाहेरच्या लाइनशी जोडणाऱ्या यंत्राने) कॉल अडवलाय. टेलिफोन कंपनीपर्यंत तो पोचलाच नाही. पूर्ण नंबर जाऊन मग बाई बोलली तर ईपीएबीएक्सने आपलं काम चोख केलंय, अडचण कंपनीच्या बाजूला आहे किंवा नंबर लावण्यात आहे. लोक हा फरक न बघता थेट प्रोग्रामिंगला हात घालतात आणि चालू असलेल्या गोष्टी बिघडवून ठेवतात. आयपी फोनवर (नेटवर्कच्या तारेवर चालणाऱ्या) टोन असा मधेच तुटत नाही, कारण तिथे सगळा नंबर एकदम पाठवला जातो. तिथे पडद्यावर काय येतं ते वाचा. "४०३" किंवा "फॉरबिडन" म्हणजे परवानगी नाही. "४०४" म्हणजे तसा नंबर पाठवायला रस्ताच सापडला नाही. मात्र हा नकार कधी तुमच्या सर्व्हरचा (तिथे ईपीएबीएक्सचं काम करणाऱ्या संगणकाचा) असतो, कधी कंपनीचा, म्हणून तिथे पुढच्या तपासण्या टाळता येत नाहीत.

ही तक्रार आताच का एवढी येते

बहुतेक ऑफिसांतला एसटीडी लॉक (दुसऱ्या गावच्या कॉलवरची बंदी) फार जुना आहे. तो बसवला तेव्हा लांबच्या कॉलला मिनिटागणिक पैसे पडत. मालक म्हणायचा "एसटीडी बंद करून टाक", आणि बसवणारा बंदीच्या यादीत एक शून्य टाकून मोकळा व्हायचा. एसटीडीला ० लागतं, आयएसडीला (परदेशी कॉलला) ०० लागतं, एका शून्यात दोन्ही बंद. आपल्याच सर्कलमधला (साधारण आपल्याच राज्यातला) मोबाइल तेव्हा शून्य न लावता लागायचा, म्हणून कोणाचं काही अडत नव्हतं.

मग नियम बदलला. ट्रायने (दूरसंचार नियामक प्राधिकरणाने) मे २०२० मध्ये शिफारस केली, दूरसंचार विभागाने त्याच वर्षी नोव्हेंबरात आदेश काढला, आणि १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कोणताही मोबाइल लावायचा तर आधी शून्य सक्तीचं झालं. मोबाइलसाठी नव्या नंबरांच्या मालिका मोकळ्या व्हाव्यात हा हेतू होता. लँडलाइनवरून लँडलाइनला किंवा मोबाइलवरून कुठेही लावताना काही बदललं नाही. पण ज्या ज्या ऑफिसात शून्य बंद होतं, तिथे त्या दिवसापासून सगळे मोबाइल बंद झाले. ईपीएबीएक्स बिघडला नाही, कोणी सेटिंगला हात लावला नाही, त्या शून्याचा अर्थ तेवढा बदलला.

अनेक ठिकाणी हे लक्षातच आलं नाही, कारण प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा मोबाइल. मग एखादी नवी मुलगी अकाउंट्सला लागते, "माझा नंबर मी पार्टीला देणार नाही" असं म्हणते (बरोबरच म्हणते), आणि तक्रार येते. तेव्हा ही तक्रार आली की मी पहिला संशय त्या जुन्या शून्यावर घेतो. तरीही यादी उघडण्याआधी खालच्या फुकटातल्या तपासण्या करतोच. कारण प्रोग्रामिंगमध्ये शिरायला वेळ लागतो आणि त्यात चूक झाली तर ती महागात पडते.

१. शून्य किती वेळा दाबताय?

खर्च काही नाही, वेळ अर्धा मिनिट. तुमच्याकडे लाइन घ्यायला काय दाबतात? काही ठिकाणी ०, काही ठिकाणी ९. जिथे ० आहे तिथे घोळ ठरलेला. "मोबाइलला शून्य लावायचं" हे सगळ्यांना माहीत असतं, म्हणून ते एक शून्य दाबतात आणि पुढे दहा आकडे. ते शून्य लाइन घेण्यातच खर्च झालं. मोबाइलचं शून्य लागलंच नाही, आणि कंपनीची बाई सांगते शून्य लावा. माणूस चिडतो, "लावलं की!"

बरोबर क्रम असा: ० दाबा, बाहेरचा टोन ऐका, पुन्हा ० दाबा, मग दहा आकडे. गावातली लँडलाइन असेल तर एकच शून्य आणि पुढे नंबर. टोन यायच्या आधी घाईने आकडे दाबले तर पहिला आकडा गिळला जातो, तेही याच खात्यात मोडतं. फोनवर चिकटवायला छोटी पट्टी छापून द्या. निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात आणि माझ्यासारख्याला बोलवायचे पैसे वाचतात.

२. तोच नंबर ऑपरेटरच्या फोनवरून लावा

रिसेप्शनच्या किंवा मालकाच्या एक्स्टेंशनवर (आतल्या फोनजोडणीवर) बहुधा काहीच बंदी नसते. तिथून लागलं आणि आतून नाही, तर लाइन ठीक आहे, बंदी एक्स्टेंशनवर आहे. तिसरी तपासणी सोडून चौथ्या तपासणीवर जा. तिथूनही नाही लागलं तर लाइनकडे वळा. मात्र ऑपरेटरवर बंदी नाही हे गृहीत धरू नका. एखाद्या कंजूष मालकाने सगळीकडेच बंदी घातलेली असू शकते, म्हणून एक लँडलाइन नंबर आणि एक मोबाइल नंबर, दोन्ही लावून बघा.

३. ईपीएबीएक्स बाजूला काढून थेट लाइन तपासा

दहा रुपयांचा जॅक आणि एक साधा फोन लागतो. रोझेटमधून (भिंतीवरच्या फोनच्या डबीतून) ईपीएबीएक्सला जाणारी तार काढा, साधा फोन थेट जोडा, आणि मोबाइल, लँडलाइन असे दोन्ही कॉल करून बघा. फायबरची जोडणी असेल तर भिंतीवरच्या कंपनीच्या डब्यावर फोनसाठी वेगळं पोर्ट असतं, साधा फोन तिथे लावा. लाइनवर घंटी वाजत असताना उघड्या तारेला हात लावू नका, तेव्हा तिच्यावर साधारण ७५ व्होल्ट असतात. मरत नाही माणूस, पण स्टुलावरून खाली येतो.

इथे कॉल लागला नाही तर ईपीएबीएक्सला शंभर वेळा प्रोग्राम केलंत तरी काही होणार नाही. कारणं दोन-तीनच असतात.

बिल थकलंय. हे ऐकून लोक हसतात, पण मला वारंवार सापडणारं कारण हेच. बिल थकलं की कंपनी आधी जाणारे कॉल बंद करते, येणारे चालू ठेवते. फोन वाजतोय म्हणजे लाइन चालू, असं ऑफिसात सगळे समजतात आणि दोष ईपीएबीएक्सवर जातो.

किंवा कंपनीच्या एक्स्चेंजमध्येच एसटीडी लॉक आहे. पूर्वी ग्राहकाला गुप्त कोड देऊन हा लॉक स्वतः लावायची-काढायची सोय असायची, आणि लावणारा माणूस निवृत्त होऊन गावी गेलेला असतो. यावर उपाय फक्त कंपनीकडे, लेखी अर्ज देऊन. कॉल सेंटरला फोन करून "बघतो" एवढंच उत्तर मिळतं.

सिमवर चालणारा गेटवे (ऑफिसचे कॉल सिमवरून बाहेर पाठवणारा डबा) असेल तर सिम काढून एखाद्या मोबाइलमध्ये घाला आणि कॉल करून बघा. रिचार्ज संपलेला असतो. ऑफिसातल्या त्या सिमचा नंबर कोणालाच पाठ नसतो, म्हणून रिचार्ज संपल्याचा मेसेज येतो तोही गेटवेच्या पोटात पडून राहतो.

थेट लाइनवर सगळं लागतंय? मग अडवणारा तुमच्याच घरात आहे.

४. फोन लॉक झालाय का, की टेबलं बदललीत

बहुतेक सिस्टिममध्ये प्रत्येक एक्स्टेंशन स्वतःच्या कोडने लॉक करता येतं. रात्री सफाईवाला पुसताना बटणं दाबतो किंवा कोणी सुट्टीवर जाताना लॉक करून जातं. अशा फोनचा आतला डायल टोन बऱ्याचदा जरा तुटक येतो. शेजारच्या फोनशी कान लावून ताडून बघा. लॉक ऑपरेटरच्या फोनवरून काढता येतो.

आणि एक विचारा: गेल्या महिन्यात बसायच्या जागा हलल्या का? साध्या फोनमध्ये परवानगी यंत्राला नसते, भिंतीतल्या जोडणीला असते. साहेब आपला फोन उचलून नव्या केबिनमध्ये घेऊन गेले, तर त्यांच्या परवानग्या जुन्या जागीच राहतात. तिथे आता शिपाई बसतो आणि दुबईला बोलू शकतो, साहेबांना मात्र स्वारगेट लागत नाही. आयपी फोनचं उलट आहे, तिथे परवानगी लॉगिनसोबत फिरते. प्रोग्रामिंग न करता हे सुटतं: क्रोनवर (सगळ्या फोनच्या तारा जिथे जोडतात त्या पट्टीवर) दोन जोड्या अदलाबदल केल्या की झालं. पण क्रोनवर पंचिंग टूल कधी चालवलं नसेल तर शिकायची जागा चालू ऑफिस नव्हे.

५. घड्याळ

सकाळ-संध्याकाळच्या तक्रारींचं आणि "वीज गेली की" या तक्रारीचं उत्तर इथे असतं. ईपीएबीएक्समध्ये दिवस, रात्र आणि जेवणाची सुट्टी यांसाठी वेगवेगळ्या परवानग्या ठेवता येतात. ऑफिस सुटल्यावर कोणी लांब फोन लावू नये म्हणून रात्रीची परवानगी कडक ठेवतात. आतल्या कार्डावर बटणासारखा सेल असतो, तो वीज नसताना घड्याळ चालू ठेवतो. काही वर्षांनी सेल मरतो. मग वीज जाऊन आली की घड्याळ थेट कितीतरी वर्षं मागे, मध्यरात्री बारावर. सकाळचे अकरा वाजलेत, सिस्टिमला वाटतं रात्र आहे.

कोणत्याही डिस्प्ले असलेल्या फोनवर तारीख-वेळ बघा. चुकीची असेल तर दुरुस्त करा, पण तेवढ्यावर थांबू नका. पुढच्या वेळी वीज गेली की तेच होणार. सेल बदलायला सिस्टिम बंद करून झाकण उघडावं लागतं, आणि काही कार्डांवर सेल झाळलेला (सोल्डर केलेला) असतो. झाळलेला दिसला तर झाकण पुन्हा लावा आणि माणूस बोलवा. वेळ बरोबर असूनही "रात्र" चालू असेल तर ऑपरेटरच्या फोनवर दिवस-रात्र बदलायचं बटण कोणीतरी दाबून ठेवलंय.

६. आता यादी. पण आधी बॅकअप

इथपर्यंत काही सापडलं नाही, तर प्रोग्रामिंगमध्ये जायचं. संगणकावरून जोडता येत असेल तर आहे त्या सेटिंगची फाइल आधी जतन करा. जोडता येत नसेल तर प्रत्येक पडदा बदलण्याआधी मोबाइलने फोटो काढा. "रिसेट करून बघूया" हे वाक्य कोणी उच्चारलं तर त्याला चहा पाजून बाहेर बसवा. रिसेटने बंदी जाते हे खरं, सोबत कोणती लाइन कुठे वाजायची, फॅक्स कुठे, गेटचा फोन कुठे, हे सगळंही जातं.

नंतर सेटिंग न बघता कागद घ्या आणि मालकाला विचारा: नक्की काय बंद हवंय? बहुतेकांना स्वतःलाच हे सांगता येत नाही, "एसटीडी" हा शब्द सवयीने येतो. आजकालच्या बऱ्याच प्लॅनमध्ये देशातल्या कॉलला वेगळे पैसे पडत नाहीत. मग खरंच बंद करण्यासारखं उरतं ते आयएसडी. माझं मत स्पष्ट आहे: ज्याच्या बिलात एसटीडीचा वेगळा आकार नाही त्याने एसटीडी अडवायच्या भानगडीत पडू नये. का, ते पुढे येतंच.

यादीचं काम असं चालतं. प्रत्येक एक्स्टेंशनला एक वर्ग असतो. वर्गाला एक बंदीची यादी आणि एक सवलतीची यादी जोडलेली असते. दाबलेला नंबर सुरुवातीपासून बंदीच्या यादीशी जुळवला जातो. जुळला तर सवलतीत आहे का बघितलं जातं. असेल तर सोडतात, नसेल तर टूं-टूं. काही आयपी सिस्टिममध्ये दोन याद्या नसतात, वरून खाली नियम असतात आणि जो पहिला जुळतो तो लागू होतो. तिथे खालचा नियम कितीही बरोबर लिहिला तरी वरचा त्याला पोचू देत नाही. तुमची सिस्टिम कोणत्या जातीची आहे हे मॅन्युअलमध्ये बघितल्याशिवाय एक आकडाही बदलू नका.

आता मुख्य गोष्ट: लाइन घ्यायचं शून्य यादीत मोजलं जातं का?

साध्या ईपीएबीएक्समध्ये सहसा मोजलं जात नाही. लाइन मिळाल्यानंतरचे आकडेच तपासले जातात. तिथे आयएसडी अडवायला यादीत ०० लिहायचं. आयपी सर्व्हरमध्ये मात्र बऱ्याचदा दाबलेला सगळा नंबर तपासला जातो, लाइनच्या शून्यासकट. तिथे मोबाइलचा नंबरच ०० ने सुरू होतो! एक शून्य लाइनचं, एक मोबाइलचं. कोणी चांगल्या मनाने "आयएसडी बंद" म्हणून ०० टाकलं की सगळे मोबाइल गेले. तिथे ००० लिहावं लागतं. उलटंही होतं: जिथे मोजत नाहीत तिथे ००० लिहिलं तर आयएसडी सताड उघडं राहतं, आणि ते कळतं बिल आल्यावर. जुना ईपीएबीएक्स काढून आयपी सर्व्हर बसवताना जुनी यादी जशीच्या तशी उतरवली की हा घोटाळा हमखास होतो. लाइन ९ ने घेत असाल तर हा गोंधळ निम्मा कमी होतो. नवीन बसवताना मी ९ च ठेवतो.

हे कळल्यावर दुरुस्ती सोपी आहे. यादीतलं एकटं ० काढा, त्याच्या जागी ०० घाला (किंवा वर सांगितल्याप्रमाणे लाइनच्या आकड्यासह). मोबाइल चालू, एसटीडी चालू, परदेश बंद.

एसटीडीही बंदच हवं असा हट्ट असेल तर ऐका. लँडलाइनचा एसटीडी कोड आणि नंबर मिळून दहा आकडे, आधी शून्य. मोबाइलचेही दहा आकडे, आधी शून्य. लांबीवरून फरक कळत नाही. सुरुवातीवरून? मोबाइल ६, ७, ८, ९ ने सुरू होतात. म्हणून ०१ ते ०५ बंद केले की दिल्ली ०११, मुंबई ०२२, कोलकाता ०३३, हैदराबाद ०४०, चेन्नई ०४४ बंद होतात आणि मोबाइल चालू राहतात. पण नागपूर ०७१२, गोवा ०८३२, पाटणा ०६१२ हे मोबाइलच्या गर्दीतून सुटून जातात. बंगळुरूचा कोड ०८०, आणि ८० ने सुरू होणारे मोबाइलही आहेत. अहमदाबादचं ०७९ तसंच. इथे चाळण लावायला गेलात तर कधी बंगळुरूची लँडलाइन निसटेल, कधी एखाद्या गिऱ्हाईकाचा मोबाइल अडकेल. गिऱ्हाईकाचा मोबाइल अडकणं जास्त महाग. शिवाय ०२ बंद केलंत तर पुण्यातल्या पुण्यात ०२० लावून फोन करणारे अडकतात, कारण व्हिजिटिंग कार्डावर नंबर तसाच छापलेला असतो. तेव्हा ०२० सवलतीत घालायला विसरू नका; दुसऱ्या गावात असाल तर तुमचा स्वतःचा कोड.

आता १. यादीत कोणीतरी अख्खा १ बंद करून ठेवलेला असतो आणि मग बँकेचा १८०० लागत नाही म्हणून तक्रार येते. तक्रार बँकेची असते, धोका वेगळाच असतो: त्याच एका आकड्यात ११२, १०८, १०१ सगळे बंद झालेले असतात. १ कधीही अख्खा बंद करू नका. आपत्कालीन नंबर सवलतीच्या यादीत प्रत्येक वर्गात, रात्रीच्या सुद्धा, असलेच पाहिजेत. लॉक केलेल्या फोनवरूनही ते लागावेत अशी सोय तुमच्या सिस्टिममध्ये असेल तर चालू करा.

याच ओघात एक गोष्ट कोणाच्या डोक्यात येत नाही. बऱ्याच ऑफिसांत एक्स्टेंशनचे नंबर १०१ पासून सुरू होतात. आग लागली आणि कोणी घाबरून १०१ दाबलं तर अग्निशमन दल नाही, रिसेप्शन वाजतं. १०८ दाबलं तर स्टोअरमधला माणूस उचलतो. म्हणून फोनवरच्या पट्टीवर लाइनचा आकडा धरूनच लिहा: ०-११२, ०-१०८. नव्याने बसवताना एक्स्टेंशन २०१ पासून घ्या. चाचणीसाठी ११२ ला वारंवार फोन लावू नका, तिथली माणसं खऱ्या कामात असतात. १८०० चा एखादा नंबर लागला म्हणजे १ मोकळा आहे एवढं कळतं. ११२ साठी स्वतंत्र नोंद यादीत आहे का ते डोळ्यांनी बघा.

बदल एका वेळी एकच करा, जतन करा, आणि प्रत्येक वर्गातल्या एका फोनवरून पाच कॉल करून बघा: गावातली लँडलाइन, मोबाइल, दुसऱ्या गावची लँडलाइन, १८००, आणि ०० ने सुरू होणारा परदेशी नंबर. शेवटचा अडला पाहिजे. नुसतं "लागायला हवं ते लागतंय" एवढं तपासून लोक निघून जातात. अडायला हवं ते अडतंय का, हे कोणी बघत नाही.

७. कधी लागतो, कधी नाही

हे लक्षण असेल तर बाहेर जाणाऱ्या लाइन एकसारख्या नाहीत. एक लाइन फायबरची, एक जुन्या तांब्याची, एक सिमच्या गेटवेची, आणि सगळ्या एकाच गटात. सिस्टिम जी रिकामी असेल ती देते. सिमवरून दहा आकडे शून्याशिवायही लागतात, लँडलाइनवरून लागत नाहीत. म्हणून शून्य न लावणाऱ्या माणसाचा कॉल नशिबाने लागतो.

प्रत्येक लाइन एकेक करून घेण्यासाठी वेगळा कोड असतो, तो वापरून एकच नंबर प्रत्येक लाइनवरून लावा आणि कागदावर खूण करा. कोणती नापास होते ते लगेच कळतं. मग नंबरला आपोआप शून्य जोडणारा किंवा काढणारा नियम त्या लाइनवर आहे का बघा. असे नियम बसवताना बंदीची तपासणी शून्य जोडण्याआधी होते की नंतर, हेही सिस्टिमगणिक बदलतं. इथवर आलात आणि मॅन्युअल वाचूनही उत्तर मिळत नसेल तर थांबा. हा खेळ जाणत्याचा आहे, आणि जाणत्याला हे तासाभराचं काम असतं.

कॉल चोरीला जात असतील तर

बिलात किंवा कॉलच्या नोंदीत रात्री-बेरात्रीचे परदेशी कॉल दिसले, तर पहिलं काम शोध घेणं नव्हे. पहिलं काम बाहेरच्या लाइन उपटणं. आयपी सर्व्हर असेल तर त्याची इंटरनेटची तार. मग कंपनीला फोन करून एक्स्चेंजमधूनच आयएसडी बंद करायला सांगा, तक्रार क्रमांक घ्या, आणि तेच ईमेलवरही पाठवा. ज्यांना परदेशी कॉलची गरजच नाही त्यांनी हे आजच करावं. ईपीएबीएक्समधली बंदी चुकू शकते, एक्स्चेंजमधली त्याच्या वर बसते.

यादी बरोबर असूनही कॉल बाहेर जातात ते आडवाटांनी. जलद डायलिंगच्या सामायिक यादीतले नंबर अनेक सिस्टिम बंदी न तपासता लावतात; तिथे कोणी परदेशी नंबर भरून ठेवलाय का बघा. एक्स्टेंशनवरून बाहेरच्या नंबरवर कॉल फॉरवर्ड करता येतो. ज्याला गरज नाही त्याचा बंद करा. ऑपरेटर मोकळी लाइन घेऊन आतल्या फोनला देऊ शकते, त्याला तांत्रिक इलाज कमी, सांगून ठेवणं हाच. आलेला कॉल समोरच्याने ठेवल्यावर त्याच लाइनवर टोन पकडून पुढे नंबर दाबणारेही असतात. चालू कॉलमध्ये दाबता येणाऱ्या आकड्यांवर मर्यादा घालायची सोय काही सिस्टिममध्ये आहे.

सगळ्यात धोकादायक म्हणजे डिसा. बाहेरून ऑफिसच्या नंबरवर फोन करून, कोड दाबून, ऑफिसचीच लाइन घेऊन तिसरीकडे बोलायची सोय. मालकाला एकेकाळी हवी होती, आता कोणी वापरत नाही, आणि कोड कारखान्यातून आला तसा १२३४. वापरात नसेल तर बंदच करा.

माणूस कधी बोलवायचा

वर ठिकठिकाणी सांगितलंच आहे. शिवाय खालच्यापैकी काही असेल तर स्वतः काही करू नका: प्रोग्रामिंगचा पासवर्ड कोणाला माहीत नाही, आणि तो काढायला रिसेटच लागेल असं दिसतंय. वीज कडाडल्यानंतर एखादी लाइन मुकी झालीय किंवा सिस्टिममधून जळका वास येतोय. पीआरआय लाइन (एकाच जोडणीवर एका वेळी तीस कॉल नेणारी) आहे. आयपी सर्व्हर इंटरनेटवर उघडा आहे आणि परदेशी कॉल झालेत. तिथे यादी दुरुस्त करून भागत नाही, कोणीतरी आत शिरलंय असंच धरून सगळे पासवर्ड बदलावे लागतात. कंपनीने कॉल चोरीचे पैसे मागितले तर सायबर तक्रारही नोंदवा, त्यासाठी १९३० ही हेल्पलाइन आहे.

बोलवताना त्याला एवढं सांगा: सिस्टिमचं मॉडेल, लाइन किती आणि कोणत्या, लाइन घ्यायचा आकडा, कोणत्या एक्स्टेंशनवरून कोणता नंबर कितव्या आकड्याला तुटतो, आणि थेट लाइनवर साधा फोन लावून काय झालं. एवढं फोनवर कळलं तर बरेचदा यायचीही गरज पडत नाही. आणि तो काम करून निघण्याआधी नवीन सेटिंगची फाइल आणि पासवर्ड त्याच्याकडून मागून घ्या. द्यायला कां-कूं करणाऱ्याशी वार्षिक करार करू नका.